दुसऱ्या रकान्यातला प्लँट

माझ्या आत्याने आपल्या सख्ख्या भावाची नोकरी घालवली, असं आमच्या गावात आजही म्हणतात. म्हणणाऱ्यांचं तोंड धरायला मी जात नाही, कारण ते खोटं नाही. फक्त ते निम्मंच आहे, आणि उरलेलं निम्मं ऐकायला कोणी थांबत नाही. पूर्ण ऐकून घ्यायची सवय या गावाला असती तर पुढचं बरंच टळलं असतं.

आत्या राजधानीत पर्यावरण मंत्रालयात होती. तिची हवामान कक्षात बदली झाली तेव्हा ती शिक्षाच समजली जायची. दोन टेबलं, दार न लागणारं एक कपाट, आणि शेजारच्या इमारतीची भिंत दाखवणारी खिडकी. पहिल्याच दिवशी साहेबांनी तिला समजावलं होतं, "इथे काम नसतं, म्हणून चुकाही होत नाहीत. नशीबवान आहात." पुढे उन्हाळे असे काही तापायला लागले की कक्षाला तिसरं टेबल मिळालं, मग सबंध मजला मिळाला, आणि आत्या दर वर्षी आंतरराष्ट्रीय हवामान परिषदेला जायला लागली. गावाने लगेच तिचं बारसं केलं, परिषदबाई. आई म्हणायची, "ताई जगाचा ताप उतरवायला जातात आणि येताना स्वतः सर्दी घेऊन येतात." ते मात्र खरं होतं. पृथ्वी तापल्याची चर्चा जिथे चालते त्या मंडपात म्हणे एसी एवढा कडक असतो की लोक कोट घालून बसतात.

परिषदेत आपल्या देशाचं वजन ते किती? जगाच्या धुरात आपला धूर चिमूटभर. मोठे देश भांडायचे आणि आपण मधे बसून त्यांच्या वाक्यांना ठिगळं लावायची. आत्यासमोर देशाच्या नावाची एक पाटी असायची. बोलायचं असेल तर ती उभी करायची आणि अध्यक्षांची नजर पडायची वाट बघायची. पाटी उभी करून अख्खी दुपार काढल्याचे किस्से ती आम्हाला रंगवून सांगायची. त्या धंद्याची रीतही तिनेच आम्हाला शिकवली. तिथे जेवढं हवं तेवढं कोणी मागत नाही, तिप्पट मागतात, म्हणजे सोडून द्यायला हाताशी काहीतरी राहतं. आणि पैसे देणारे देश कधी नाही म्हणत नाहीत, पुढच्या वर्षी म्हणतात.

बाबा आत्याचे थोरले भाऊ. गावातल्या कोळशाच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होते. आम्ही सगळे त्याला प्लँट म्हणायचो. गावात दुसरं होतंच काय? प्लँटच्या तीन उंच चिमण्या, कामगारांच्या चाळी, एक शाळा, आणि मी जिथे नर्स आहे तो दवाखाना. वाळत घातलेले कपडे संध्याकाळी झटकून घ्यायचे, नाहीतर राखेचा थर तसाच घडीत जायचा. दवाखान्यात सकाळी वाफ घ्यायला मुलांची रांग लागायची आणि त्यांचे बाप डबा घेऊन त्याच प्लँटला जायचे. दोन उन्हाळे तर नदी एवढी आटली आणि तापली की यंत्रं थंड करायला पाणी पुरेना, आणि प्लँटच बंद ठेवावा लागला. म्हणजे हे असं फार दिवस चालणार नाही, हे बाबांना आत्याने सांगायची गरज नव्हती. त्यांना फक्त आपल्या निवृत्तीपर्यंत ते चालायला हवं होतं.

मग तो आराखडा आला. प्रत्येक देशाने लिहून द्यायचं की आपला धूर किती कमी करणार आणि कोणत्या सालापर्यंत. हरितगृह वायूंचं उद्दिष्ट, असं त्याचं सरकारी नाव. आपल्यासारख्या देशांसाठी त्यात दोन रकाने असतात. पहिल्या रकान्यात आपण स्वतःच्या बळावर काय करणार ते. दुसऱ्यात श्रीमंत देशांनी पैसा दिला तर आणखी काय करू ते. कोणता प्लँट कोणत्या रकान्यात घालायचा, याचा कच्चा मसुदा आत्याच्या टेबलावर होता.

त्या सुट्टीत ती घरी आली. जेवणं झाली, आणि बाबांच्या पानाशेजारी पाटी पुसल्यासारखा हात फिरवत तिने विषय काढला.

"दादा, तुमचा प्लँट यादीत आहे."

बाबांचा चेहरा उतरला. "बंद करायच्या?"

"ऐकून तरी घे. दुसऱ्या रकान्यात घातलाय मी."

"म्हणजे काय ते सरळ सांग, बारके." आत्या पन्नाशीला आली तरी बाबांची बारकीच होती.

"म्हणजे बाहेरून पैसा आला तरच तो बंद होणार. कामगारांची सोय, नवीन काम, सगळ्यासकट पैसा आला तर. आणि तो येत नाही. एवढ्या वर्षांत मी एकदाही आलेला पाहिला नाही. तुमचा प्लँट सगळ्यात जुना, खरं तर पहिल्याच रकान्यात जायला हवा होता. पण दुसरा रकाना म्हणजे कुलूप आहे, दादा. किल्ली कोणाकडेच नाही."

"आणि धूर?" मी विचारलं. दवाखान्यातली रांग माझ्या डोळ्यांसमोर होती.

आत्याने माझ्याकडे बघितलंच नाही. "बंद व्हायलाच हवा तो," ती म्हणाली. "पण दादा निवृत्त झाल्यावर."

मी पानं उचलायला लागले. नंतर मात्र मला कळत गेलं की जगातला प्रत्येक देश त्या मंडपात नेमकं हेच म्हणत असतो. आत्याला दुसऱ्यांच्या तोंडून ते ऐकू आलं की संताप यायचा.

पहिल्या रकान्यातला प्लँट खाडीजवळचा होता. तो ठरल्याप्रमाणे बंद झाला आणि तिथल्या माणसांना गॅसवरच्या नव्या केंद्रात घेतलं. काही जागा उरल्या, तेव्हा आमच्या प्लँटमध्येही विचारणा झाली, कोणाला बदली हवी का? बाबांनी नको म्हणून कळवलं. एवढ्यावर ते थांबले असते तर प्रश्न नव्हता. पण आपली बहीण मंत्रालयात आहे याचा त्यांना कोण अभिमान! कँटीनमध्ये बसून त्यांनी सगळ्यांना दोन रकाने समजावून सांगितले, टेबलावर ओल्या बोटाने रेघा ओढून. "माझ्या बहिणीने स्वतः घातलंय. आपण कुठे जात नाही."

आमच्या शेजारी क्रेनवाले काका राहायचे. प्लँटमध्ये क्रेन चालवायचे, बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांनी बदलीचा अर्ज भरून खिशात ठेवला होता. बाबांचं ऐकून त्यांनी तो फाडला. "परिषदबाई म्हणते म्हटल्यावर झालं," ते म्हणाले. त्यांची बायको गॅसच्या केंद्राजवळ घर बघून आली होती. ती महिनाभर नवऱ्याशी धड बोलली नाही.

पुढच्या परिषदेचं भाषण आम्ही टीव्हीवर पाहिलं. मी बाबांचा विसरलेला चष्मा द्यायला प्लँटवर गेले होते आणि कँटीनमध्ये थांबले. त्या वर्षी मोठ्या देशांची बोलणी पार फिसकटली होती आणि काहीतरी चांगलं घडल्याचं दाखवणं सगळ्यांनाच भाग होतं. अशा वेळी लहान देश कामाला येतात. आपले मंत्री उठले, कोटाची बटणं लावली आणि म्हणाले, "आम्ही कोणाच्या मदतीची वाट पाहणार नाही. आमची सगळी उद्दिष्टं आम्ही स्वतःच्या बळावर पूर्ण करू. आजपासून आमच्या आराखड्यात एकच रकाना आहे."

सबंध मंडप उभा राहिला. टाळ्या थांबेनात. परदेशी पाहुण्यांनी मंत्र्यांचे हात हातात घेतले. बोलणी जुळवून आणणाऱ्या देशांच्या गटाचं अध्यक्षपद त्याच आठवड्यात आपल्याला मिळालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आत्याने दुसरा रकाना एवढा भरून ठेवला नसता, तर मंत्र्यांना एवढं मोठं बोलताच आलं नसतं. आणि त्यांच्या मागे, पाटीशेजारी उभी राहून, आत्या टाळ्या वाजवत होती. कॅमेरा तिच्यावर नको तेवढा वेळ थांबला.

म्हणजे बाहेरचा पैसा आला नाही तरी आमचा प्लँट आता बंद होणार होता. मग एकेकाने मान वळवून बाबांकडे बघितलं. क्रेनवाले काकांनी सगळ्यात शेवटी. त्यांनी हातातला पेला टेबलावर ठेवला आणि ते बाहेर गेले.

आत्या परत आली ती थेट आमच्याकडे. सर्दीने नाक लाल झालेलं, हातात अजून विमानतळावरची बॅग. आईने पाणी दिलं. बाबा खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

"दादा, मला माहीत नव्हतं. आई शप्पथ. भाषण रात्रीतून बदललं."

"टाळ्या का वाजवल्यास?"

"सगळेच वाजवत होते."

"सगळ्यांचा भाऊ होता का इथे?"

आत्या रडायला लागली. मला तिची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. रडत रडत ती सांगत होती की अजून बोलणी करता येतील, मुदत वाढवून घेता येईल, कामगारांसाठी वेगळं कलम घालता येईल. बाबा शांतपणे म्हणाले, "बारके, हा तुझा मंडप नाही. हे घर आहे." त्यानंतर तिने त्यांच्यासमोर कलम हा शब्द काढला नाही.

प्लँट बंद झाला. तरुण होते ते पांगले. बाकीचे घरी बसले. गॅसच्या केंद्रातल्या जागा केव्हाच भरल्या होत्या. नवीन काम काढू असं सरकार म्हणालं होतं, ते बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. क्रेनवाले काकांनी घराला लागून सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. आमच्या दारावरून जाताना ते रस्ता ओलांडून पलीकडे जायचे आणि आमचं घर संपलं की पुन्हा अलीकडे यायचे. आणि खोटं कशाला सांगू, दवाखान्यातली सकाळची रांग कमी झाली. आईचे कपडे पांढरे राहायला लागले. प्लँट बंद व्हायला नको होता असं मला म्हणता येत नव्हतं, आणि तो असा बंद झाला म्हणून माझा जीव जळत होता.

त्यानंतर जे झालं ते कोणाच्याच आराखड्यात नव्हतं. समुद्रापलीकडच्या एका देशाने आमचा बॉयलर आणि टर्बाईन विकत घेतलं. भंगार म्हणून नव्हे, चालवायला. त्यांना वीज हवी होती आणि नवीन घ्यायची ऐपत नव्हती. यंत्रं सुटी करायला बाबांनाच बोलावलं. ज्या नळ्या त्यांनी आयुष्यभर सांभाळल्या त्यांवर त्यांनी रंगाने खुणा केल्या, म्हणजे तिकडे पुन्हा तशाच जोडता येतील. धुरातली राख पकडणारी यंत्रणा तेवढी त्यांनी घेतली नाही. तिची किंमत वेगळी होती. ती आमच्याकडेच उभी राहिली, आणि राख पकडायला इथे धूर उरला नव्हता.

घेणाऱ्यांच्या माणसाने बाबांना विचारलं, "चालवायला येता का? याचा स्वभाव तुम्हालाच ठाऊक." बाबा हो म्हणाले. आई खूप भांडली. "या वयात परमुलखात? आणि तोच धूर खायला?"

"इथे बसून लोकांच्या नजरा खाण्यापेक्षा बरा," बाबा म्हणाले, आणि गेले.

त्या वर्षी आपल्या देशाने उद्दिष्ट वेळेआधी गाठलं. आत्याच्या कक्षाने तसा अहवाल पाठवला आणि परदेशातून कौतुकाची पत्रं आली. तिकडे निघणारा धूर आपल्या खात्यात मोजत नाहीत. ज्याच्या हद्दीत धूर, त्याच्या खात्यात, असा नियम आहे. बॉयलर तोच, कोळसा तसाच, माणूससुद्धा तोच. आभाळालाही बहुतेक हद्दी असतील, आपल्याला दिसत नाहीत इतकंच.

बाबा दर रविवारी फोन करायचे. तिकडची पोरं त्यांना उस्ताद म्हणतात, खोलीत पंखा आहे, सगळं बरं आहे. फोनवरचा खोकला मी ऐकत होते. दवाखान्यात असले खोकले मी रोज ऐकते. सुरुवातीला कोरडा होता. मग वाक्याच्या मधे यायला लागला. मग वाक्यं लहान झाली.

"बाबा, परत या," मी म्हणायची.

"मी निघालो तर ही पोरं बॉयलर फोडून घेतील. अजून हात बसलेला नाही त्यांचा. बंद झालं की येतो."

हे आत्याच्या कानावर घातलं ते मीच. ती म्हणाली, "त्या देशाचा आराखडा आमच्या गटाकडे आलाय. तो प्लँट आहे त्यात." कोणत्या रकान्यात ते तिने सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. मदत मिळाली तर बंद करू, एवढंच तर म्हणणार होते तेही.

मग आत्याने जे केलं ते तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. ती खरोखर पैसे मागायला लागली. गटाचं अध्यक्षपद आपल्याकडे होतं, त्यामुळे दारं उघडायची. श्रीमंत देशांच्या टेबलांपुढे ती एकामागून एक जाऊन उभी राहिली. हा एक प्लँट बंद करायला पैसा द्या, कामगारांसकट. तिप्पट मागायची रीतही तिने सोडली. लागत होतं तेवढंच मागितलं. तिच्या साहेबांना वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. समोरचे फार सभ्य होते. त्यांनी तिला कॉफी पाजली, तिच्या तळमळीची तारीफ केली आणि पुढच्या वर्षी म्हणाले. पुढच्या वर्षीही म्हणाले. पैसा येत नाही हे तिला सगळ्यांच्या आधीपासून ठाऊक होतं. त्या दोन वर्षांत ते खोटं ठरावं म्हणून ती देवाच्या पाया पडत होती.

शेवटी बाबांना तिकडच्या कंपनीनेच परत पाठवलं. विमानतळावर मी त्यांना ओळखलं ते बॅगेवरून. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला. मी नर्स आहे, मला सांगायची गरज नव्हती. पुढच्या खोलीत खिडकीजवळ त्यांचा पलंग टाकला, शेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर.

आत्या दुसऱ्या दिवशी आली. पलंगाच्या कडेला बसली आणि तिने त्यांचा हात हातात घेतला. मग बाबांनी नाकावरची नळी जरा बाजूला केली.

"बारके. बंद झालं का तिकडचं?"

आई दारात उभी होती. मी औषध मोजत होते, ते थांबवलं. त्या सकाळीच तिकडून बाबांच्या हाताखालच्या एका पोराचा फोन आला होता. उस्ताद कसे आहेत विचारायला, आणि बॉयलर नीट चालतोय हे सांगायला.

"झालं, दादा," आत्या म्हणाली.

"पैसे दिले त्यांनी?"

"दिले."

"पोरांची सोय?"

"सगळ्यांची झाली. तुझ्या रकान्यात होतं तसंच झालं."

आई आत निघून गेली. स्वयंपाकघरात तिने नळ मोठा सोडल्याचा आवाज आला. बाबांचा चेहरा किती तरी दिवसांनी सैल झाला. श्वास जमवायला त्यांना वेळ लागला.

"मग जा," ते म्हणाले. "क्रेनवाल्याला सांगून ये. म्हणावं, माझी बहीण खोटं बोलली नव्हती. उशीर झाला एवढंच."

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घातली. ती उठली, दारातल्या चपला पायात सरकवल्या, आणि शेजारी त्या सायकलींच्या दुकानात गेली. खिडकीतून मला ती दिसत होती. काका चाकाशी उकिडवे बसले होते आणि ती उभ्याने बोलत होती. ती काय बोलली, खरं सांगितलं की बाबांनी सांगितलेलं, हे तिने मला कधीच सांगितलं नाही. काकांनी हात पुसले. मग परत पुसले.

ते आले तेव्हा त्यांनी रस्ता ओलांडला नाही. सरळ आमच्या दारात आले, आत येऊन पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले, आणि बाबांकडे नीट बघून घेतल्यावर म्हणाले, "कळलं मला. बंद झालं म्हणे."

"मी सांगत नव्हतो?" बाबा म्हणाले.

"सांगत होतास," काका म्हणाले. "माझंच चुकलं."